सुकतीच्या विरुद्ध

रागाच्या भरात मी आयुष्यात पुष्कळ काही केलं आहे. त्यातली ही एकच गोष्ट नीट निघाली, म्हणून ती सांगायला मला लाज वाटत नाही.

देवबागला आमचं घर आहे. पुढे समुद्र, मागे खाडी. घरातल्या चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. बाजार आणि बोट नवऱ्याकडे, स्वयंपाक आणि पाहुण्यांची बडबड माझ्याकडे. एकदा शिमगा झाल्यावर पुण्याहून एक तिशीतला पाहुणा आला. दंड दाखवणारा बनियन घालून तो ओटीवर बसला आणि मी तळलेली सुरमई खाता खाता त्याने आम्हाला दोन तास एकच कथा सांगितली. आधी समुद्रात पोहायचं, मग ओल्या अंगाने सायकल मारायची, सायकल टाकली की धावायला लागायचं, सगळं एका दमात, एकाच दिवशी. "पण पोहायचं किती?" मी सोलकढी वाढताना विचारलं. तो हसला. "जाऊ द्या काकी, तुम्हाला नाही कळायचं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्रेचाळीस वर्षांची होते. त्याला पुढची वाटी सोलकढी मी दिली नाही. तो गेल्यावर नवऱ्याला म्हटलं, "गोव्यात ही स्पर्धा कधी असते ते बघ आणि माझं नाव घाल." नवरा माझ्याशी वाद घालत नाही, त्याला अनुभव आहे. त्याने मोबाइलवर बघितलं आणि सांगितलं, दिवाळीनंतर. दोन किलोमीटरला जरा कमी समुद्र, नव्वद किलोमीटर सायकल, एकवीस धावणं.

सायकलीला मी घाबरत नव्हते. माझं माहेर नांदगावचं, हायवेवरचं. शाळेला मी सायकलनेच जायची आणि ट्रकवाल्यांना शिव्याही सायकलवरूनच शिकले. धावण्याचंही जमलं असतं, कारण दिवसभर मी चूल, विहीर आणि खोल्या यांच्यात धावतच असते. प्रश्न होता पाण्याचा. मी पोहायला शिकले ती विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून. आणि नियम असा होता की सत्तर मिनिटांत पाण्याबाहेर यायचं. एक मिनिट जास्त झालं की संपलं, सायकलला हातसुद्धा लावू देत नाहीत. नव्वद आणि एकवीस किलोमीटरची सगळी मेहनत त्या एका दारातून जाणार होती.

पाण्याचं खातं सासऱ्यांनी स्वतःकडे घेतलं. ते जन्मभर तांडेल होते, बोटीचे मुख्य. आता गुडघे धरलेत म्हणून घरी असतात आणि घरी असतात म्हणून सगळ्यांवर नजर ठेवतात. सुनेने खाडीत पोहायचं हे त्यांना पटेल असं मला वाटलं नव्हतं, पण पुण्याचा पाहुणा त्यांच्याही डोक्यात गेला होता. "तुका पाणी कसला व्हया ता मी बघतंय," ते म्हणाले. "तू फक्त हात मार."

आणि त्यांनी पाणी बघितलं. तिथी सांगितली की ओहोटी कधी लागणार आणि पाणी कधी वळणार, हे त्यांना तोंडपाठ असतं. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. सुकती संपत आली की ते मला खाडीत उतरवायचे आणि स्वतः छोट्या होडीतून बाजूने यायचे. खाडी समुद्राला मिळते त्या संगमाच्या दिशेने मी पोहत जायची. संगमाच्या बरीच अलीकडे ते मला होडी धरायला लावायचे, थर्मासमधला चहा द्यायचे आणि आम्ही पाणी वळायची वाट बघायचो. भरती लागली की पोहत घरी. बोट न्यायची ती अशीच, यात आम्हा कोणाला काही वावगं वाटलं नाही. जाताना सुकतीबरोबर, येताना भरतीबरोबर. चहाचा वेळ वगळून मोजलं तर स्पर्धेइतकं अंतर मी सत्तर मिनिटांच्या अर्ध्या वेळात कापत होते. अर्ध्या! सासऱ्यांनी वाडीभर सांगितलं की सून माशासारखी पोहते. मीही मान वर करून चालायला लागले. वाडीतल्या लोकांनी स्पर्धा बघायला जायचं म्हणून टेम्पो ठरवून टाकला.

पावसाळ्यात खाडीला लाल पाणी आलं आणि पोहणं बंद झालं. मी सायकलवर जोर दिला. देवबाग ते वैभववाडी आणि पुढे घाट चढून वर, नवरा मागून गाडी घेऊन. घाटात पाऊस तोंडावर मारत होता आणि मी गाणी म्हणत होते. इतकी मी खुशीत होते. कोल्हापूरला नणंदेकडे पोचलो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "वहिनी, इथला पोहण्याचा तलाव छान आहे, जरा हात मोकळे कर." म्हटलं चला, कोल्हापूरकरांनाही दाखवू.

पाणी निळं, स्वच्छ आणि मेलेलं होतं. मी हात मारायला लागले. तळाच्या फरशीवर एक काळी रेघ होती, ती मागे सरकेचना. वाटलं, नवीन जागा आहे, अंग मोकळं झालं की वेग येईल. फेऱ्या मारत राहिले. शेजारून एक आजोबा माझ्या पुढे गेले, परत आले, पुन्हा पुढे गेले. नणंद काठावर घड्याळ घेऊन बसली होती. तिचा चेहरा आधी हसरा, मग बारीक, मग काळजीचा होत गेला. अंतर पूर्ण झालं तेव्हा दीड तास उलटून गेला होता आणि तलावाचा माणूस शिट्टी मारत होता. मी काठाला धरून उभी राहिले आणि मला सगळं लख्ख समजलं. तीन महिने मला खाडीने वाहून नेलं होतं. मी फक्त वरवर हात हलवत होते.

मी तिथे रडले. लाज वाटून रडले, आणि टेम्पो आठवून जास्त रडले.

घरी आल्यावर मी अंगणातूनच सुरुवात केली. "बाबा, तुम्ही मला पोहायला नाही शिकवलंत, वाहायला शिकवलंत!" सासरे जाळं शिवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "मगे? पाणी जाता तेच्याबरोबर जावचा नाय तर काय करूचा? आमी आयुष्यभर ताच केला."

"आता उलट जायचं. सुकतीच्या विरुद्ध."

"येड लागला काय तुका? सुकतीच्या समोर कोण जाता?"

"मी जाते."

ते जाळं टाकून उठले. पुढचे दोन दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. शेजारी जाऊन पिऊन यायचे आणि येताना मला दिसेल असे मिशा पुसायचे. मीही त्यांना हाक मारली नाही. खरं सांगायचं तर मला राग कमी आला होता आणि भीती जास्त वाटत होती. अडीच महिने राहिले होते आणि होडी न घेता खाडीत एकटीने उतरायची माझी छाती नव्हती.

तिसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. सासऱ्यांनी नव्या टोपीत जाऊन समुद्राला नारळ दिला, घरी येऊन नारळीभात जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी घासत होते, तेव्हा मागच्या दारात उभे राहून म्हणाले, "चल. उधाणाची सुकती लागली आसा. व्हयी तर हीच घे, सगळ्यात जोराची."

त्यांनी होडी खाडीच्या मध्यावर नेली आणि नांगर टाकला. पाणी होडीच्या दोन्ही बाजूंनी खळखळत समुद्राकडे चाललं होतं. त्यांनी माझ्या कमरेला दोर बांधला, त्याचं दुसरं टोक होडीला. मग सांगितलं की होडीच्या बरोबरीने राहायचं, मागे जायचं नाही. मी उतरले. जीव खाऊन हात मारले. डोकं वर काढलं तर होडी दूर पुढे, मी दोराच्या टोकाला.

"खंय चललंस गो? अरबस्तानात?" ते होडीतून ओरडले.

मी इतकी चिडले की पाण्यातच शिवी दिली. सासऱ्याला. त्यांनी ती ऐकली आणि मोठ्याने हसले. त्या हसण्याने आमचं भांडण मिटलं.

मग रोज हेच. इतरांचा सराव किलोमीटरमध्ये मोजला जातो, माझा फळ्यांमध्ये. आधी मी दोराच्या टोकाला लोंबत होते. गणपतीपर्यंत होडीच्या मागच्या फळीशी आले. तिथे चिकटून राहिले की समोरचं काहीच बदलायचं नाही, तोच रंग उडालेला निळा पट्टा आणि वर सासऱ्यांचे तेच दोन पाय. पहिल्यांदा तसं राहिले तेव्हा मला हसूच आलं, कारण इतकं दमून मी जागची हलले नव्हते आणि तरीही मला जिंकल्यासारखं वाटत होतं. सासरे वाकून पाण्यात बघायचे, माझा कोणता हात रिकामा जातो ते सांगायचे आणि चुकलं तर वल्ह्याने पाणी उडवायचे. पहाटे मी धावायची, नाचणीचे लाडू खिशात ठेवून सायकल मारायची. ते सगळं ठीक चाललं होतं. पण जीव अडकला होता तो त्या होडीत.

नवरात्रात एका दुपारी ते म्हणाले, "आज नांगराच्या दोरयेक हात लाव, मगेच चाय." नांगराचा दोर होडीच्या नाकापुढे. मी किती वेळ पोहले माहीत नाही. खांदे भाजत होते, तोंडात खारट आणि मातकट पाणी. निळा पट्टा हळूहळू मागे सरकला, मग होडीचं नाक आलं, मग बोटांना काथ्याचा खरखरीत दोर लागला. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि किंचाळले. सासऱ्यांनी थर्मास उघडला आणि ठरल्याप्रमाणे चहा दिला.

गोव्याला निघायच्या आदल्या दिवशी वाडीने देवळात गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं सासऱ्यांनीच घातलं, आणि देवाला सगळा तपशील दिला, कोणत्या बाजूचं वारं नको तेही. "तिका वेळेच्या आत पाण्यातसून भायर काड रे म्हाराजा!" टेम्पोभर लोक ओरडले, "व्हय म्हाराजा!" मी मान खाली घालून उभी होते. इतके लोक आपल्यामागे उभे आहेत, हे मला सोसवत नव्हतं आणि हवंही होतं.

स्पर्धेच्या सकाळी समुद्र साधा दिसत होता. जाताना पाणी पाठीशी होतं, सगळे भराभर निघाले, मीही. लांबच्या नारिंगी फुग्याला वळसा घातला आणि पाणी समोर आलं. माझ्या पुढचे दोघे-तिघे थबकले, मान वर काढून किनारा शोधायला लागले. एकाने बचावाची नाव बोलावून धरली. मला भीती वाटायला हवी होती. उलट इतकं ओळखीचं वाटलं की मी पाण्यातच हसले. हे तर आमच्या मागल्या दारचं पाणी. रोजच्या होडीची फळी जणू शेजारी आहे, असं धरून मी एकेक हात मारत गेले, आणि इथे तर मी पुढे सरकत होते! एक माणूस मागे टाकला, दुसरा टाकला. मग मोजायचं सोडून दिलं.

पायाला वाळू लागली. मी उठले, पडले, पुन्हा उठले. कमानीवर घड्याळ होतं. सत्तराला अजून बारा मिनिटं बाकी होती.

दोरीच्या पलीकडे वाडीचे लोक उभे होते. इतक्या लवकर मी येणारच नाही असं धरून अर्धे चहाला गेले होते. सासरे मात्र सगळ्यांत पुढे, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, लाटेत उभे. मी सायकलीकडे पळायचं सोडून त्यांच्याकडे वळले आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. स्पर्धेचा एक माणूस ओरडत धावत आला. त्याच्याआधी सासरेच माझ्यावर खेकसले, "पाया मगे पड! सायकल घे आधी, सायकल!"

मी पळाले. त्या दिवशी पुढचे नव्वद मी चालवले, एकवीस धावले, शेवटचे काही लंगडत, आणि दुपार कलताना शेवटची रेघ ओलांडली. माझ्या मागून येणारे फार नव्हते, पण होते. जमिनीवरचं ते सगळं मला आता नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की सायकलवर टांग टाकत असताना मागून सासऱ्यांचा आवाज येत होता. तांडेलाचा, वाऱ्यावर मात करणारा तो आवाज. शेजारी उभ्या असलेल्या कुणा अनोळखी माणसांना ते ओरडून सांगत होते, "आमची सून ती! समोरच्या पाण्यातसून इली, समोरच्या! मी बघलंय!"