एका खांबाचं अंतर

पहाटे चार चाळीसला शालन नलवडे उठते. गेले साडेतीन महिने उठून करायचं काही नाही, तरी उठते. गजर लावलेला नसतो. चाळीस वर्षांची सवय आहे. डोळे आपले आपण उघडतात. बाहेरच्या खोलीत येऊन ती वेताच्या खुर्चीत बसते आणि डावा हात मांडीवर ठेवते. मनगटाचं प्लॅस्टर निघून दोन महिने झाले, पण मूठ अजून पुरती वळत नाही. बोटं तळव्यापासून इंचभर अलीकडे थांबतात.

समोर दाराच्या चौकटीला खिळा आहे, खिळ्याला तीन किल्ल्यांचा जुना जुडगा. एक पुढच्या दाराची, एक मागच्या दाराची, एक ट्रंकेची. तिन्ही कुलपं आता घरात नाहीत. एकोणतीस वर्षांपूर्वी, नवरा दिनकर गेल्यावर, सासऱ्यांनी त्या तिच्या हातात दिल्या होत्या. म्हणाले होते, "ह्या तू धर. पळताना खिशात टोचत्यात मला." सासूबाई त्याआधीच गेलेल्या. शालननं अर्थ लावला, घर आता माझ्या अंगावर आलं. तेव्हापासून रोज पळताना तो जुडगा तिच्या डाव्या हातात असायचा. गावाजवळच्या किल्ल्याच्या चढावर मोटारसायकलला चुकवताना ती पडली, तेव्हाही होता.

खिळ्याखाली कापडी पिशवी आहे. पिशवीत तिचे बूट.

काल जेवताना मुलगा विक्रांत म्हणाला होता, "एकटीनं जायचं नाही, आई. अर्धा तास पडून होतीस तिथं. कुणाला पत्ता नव्हता."

"मी येत जाईन ना आईंबरोबर," सून ऋतुजा म्हणाली. "मलाही बाळंतपणानंतर सुरुवात करायचीच आहे."

"मला राखणदार नको," शालन म्हणाली. "चाळीस वर्षं पळतेय. कुणाला बरोबर घेतलं नाही."

"मग नाही जायचं," विक्रांत म्हणाला.

"मग बूट देऊन टाका कुणालातरी. उद्याच द्या."

पिशवी तिनं स्वतः भरली होती.

बाहेर दूधवाल्याच्या किटल्या वाजतात. मग वाजायच्या थांबतात. खुर्चीचा वेत पाठीला रुततो, मग रुतायचा थांबतो. दार उघडं आहे. मघाशी ते बंद होतं.

रस्त्यावर मामंजी उभे आहेत. पाठमोरे. खाकी अर्धी चड्डी, पांढरा बनियन, गळ्याला मफलर. मामंजी म्हणजे तिचे सासरे, ज्ञानदेव नलवडे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. शालनला हे माहीत आहे. त्यात तिला काही अडचण वाटत नाही.

ते पळायला लागतात. ती मागोमाग निघते. दोघांमध्ये विजेच्या एका खांबाचं अंतर. ते दुसऱ्या खांबाशी पोचले की तिनं पहिल्याशी असायचं. हा नियम त्यांचाच. सून आणि सासरा शेजारी शेजारी पळाले तर पेठ बोलेल, आणि सासरा मागं राहून सुनेला पळताना बघतोय म्हटल्यावर तर जास्तच बोलेल. म्हणून ते पुढे. आणि मागं वळून बघायचं नाही. चोवीस वर्षं त्यांनी एकदाही बघितलं नाही.

घरापासून किल्ल्याच्या चढापर्यंत एकेचाळीस खांब आहेत. शालन पायाकडे बघते. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आहेत, लग्नानंतर सतराव्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवलेले. कोणी ठेवले हे घरात कोणी बोललं नव्हतं.

"हवालदार!" दूधवाला सायकलवरून ओरडतो. "मागं बघा की! सून पळून चालली!"

"पळू दे," मामंजी मान न वळवता म्हणतात. "मागं घर हाय, पुढं मी हाय. जातीय कुठं?"

सातव्या खांबाला वळण आहे. वळणापलीकडे तिचं माहेर लागतं. सतरंजी अंथरलेली, सहा माणसं, सहा बशा पोहे. ती पळतच आत येते आणि कोणाला त्याचं नवल वाटत नाही.

"मुलीला काय काय येतं?" कोणीतरी विचारतं.

"पळता येतं," शालन सांगते. आई मागून चिमटा काढते. "आठशे मीटर. जिल्ह्यात दुसरी आले."

माणसं हसतात. कोपऱ्यात बसलेले मामंजी बशी खाली ठेवतात. "पैली कोण आली?"

"कराडची होती एक. तिच्या बुटाला खिळे होते."

"आन् तुझ्या?"

"मला बूट नव्हते."

मामंजी उरलेले पोहे संपवतात, हात धुतात, उठून बाहेर पडतात. ती त्यांच्या मागे. एका खांबाचं अंतर.

ती पुन्हा पायाकडे बघते. बूट बदललेत. नाड्या सैल सोडलेल्या आहेत, कारण पाय सुजलेत. सातवा महिना आहे, आणि ती पळत नाही, चालते आहे. मामंजीही चालताहेत. मग अंगणवाडीच्या नोकरीतले निळे बूट, वेळ अर्ध्या तासानं अलीकडे आणलेली. चाळिसाव्या वर्षी गुडघ्याला बांधलेली पट्टी. कधी चार खांब, कधी एकेचाळीस. सबंध वर्षात दोनच दिवस चुकल्याचंही एक वर्ष आहे. रस्ता सगळं एकाच पहाटेत उरकतो आहे.

आता पायात दिनकरचे बूट आहेत. पुढे कापूस कोंबलेला.

रस्ता आत वळतो. खांब जवळजवळ येतात, त्यांना छत फुटतं. सरकारी दवाखान्याचा व्हरांडा आहे, फिनेलचा वास आहे. शेवटच्या खोलीत पांढरी चादर ओढलेली. अपघात फाट्यावर झाला होता. घरी निरोप यायला दोन तास लागले. शालनला तिथं थांबायचं आहे, पण मामंजी थांबत नाहीत, म्हणून तीही थांबत नाही. खोली मागे पडते.

तिच्या लक्षात येतं, काहीतरी ऐकू येत नाही. ती हातांकडे बघते. मनगटं मोकळी आहेत. मघापर्यंत बांगड्या होत्या.

मामंजी थांबतात.

असे ते एकदाच थांबले होते. दिनकरला जाऊन सव्वा महिना झाला होता. दुपारी ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले होते. "माझा पोरगा गेला, तुझा नवरा गेला," म्हणाले. "रस्ता हाय तितंच हाय. उद्या निघायचं." दुसऱ्या दिवशी ती निघाली, आणि दुसऱ्याच खांबाशी ते थांबले. पाठमोरेच खाकरले. बराच वेळ उभे राहिले आणि घराकडे परतले. किल्ल्या त्यानंतरच्या पहाटे दिल्या.

आज ते वळतात.

घरातला त्यांचा चेहरा शालनला पाठ आहे. जेवतानाचा, पेपर वाचतानाचा, शेवटच्या आजारातलासुद्धा. रस्त्यावरचा तिनं कधी पाहिला नव्हता. तो घाबरलेला आहे.

"मामंजी, का थांबलात?"

"तू हाईस का बगाया."

"इतकी वर्षं कधी बघितलं नाहीत."

"बगाया कशाला लागतंय? डझनभर बांगड्या हुत्या की हातात. चढाला हळू वाजायच्या, उताराला जोरात. पायात गोळा आला की तू कंबरंला एक हात लावायचीस, मग एकाच हाताच्या वाजायच्या. तवा मी सावकाश पळायचो."

"मला वाटायचं, तुमचा गुडघा दुखतो."

"माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीया?"

ती हसते. ते हसत नाहीत.

"मग बांगड्या गेल्या," ते म्हणतात. "त्या दिवशी मागं नुसतं गप. कापसाचे बूट तुझे, त्यांचाबी आवाज न्हाई. मला वाटलं, परत फिरली. वळून बगावं तर भ्या वाटलं. नसलीस म्हंजे?"

"म्हणून किल्ल्या दिल्यात."

"म्हणून दिल्या."

"तुम्ही म्हणालात, खिशात टोचतात."

"ह्या चड्डीला खिसा हुता का कवा?"

शालन बघते. खाकी चड्डीला खिसा नाही. ही चड्डी तिनं वर्षानुवर्षं धुतली, पिळली, दोरीवर उलटी करून वाळत घातली.

"म्हणजे तुम्ही राखण करत होता माझी," ती म्हणते. आवाज थोडा चढतो. "मी सगळ्यांना सांगत आले, मी एकटी पळते म्हणून."

"राखण?" मामंजी मफलर सारखा करतात. "अगं, राखण कोण कुणाची करीत हुतं? पोरगा गेल्यावर मला अंथरुणातनं उठवाया काय हुतं? मागनं आवाज येत हुता, म्हणून मी पुढं पळत हुतो. तो थांबला असता तर त्याच खांबाशी बसलो असतो मी."

आता दोघं किल्ल्याच्या चढावर आहेत. उजव्या हाताला कठडा. ती इथंच पडली होती. रस्त्यावर लाल माती आहे आणि अजून कोणी आलेलं नाही.

"चल," मामंजी म्हणतात. "आता तू पुढं."

"आणि मागं कोण?"

ते तिच्या अंगावरून जातात, शेजारून, एका हाताच्या अंतरावरून. आयुष्यभर इतक्या जवळून रस्त्यावर ते कधी गेले नव्हते. साबणाचा आणि तंबाखूचा वास येतो.

"मागं बगायचं न्हाई," पाठीमागून आवाज येतो. "ऐकायचं."

शालन निघते. एक खांब जातो. ती कान देते. मागे काही वाजत नाही. दुसरा खांब जातो. काही नाही. तिला वळून बघावंसं वाटतं आणि भीती वाटते, आणि ती दोन्ही मुठी घट्ट आवळते.

घड्याळात पाच वाजून बारा मिनिटं झालीत. दार बंद आहे. पाठीला वेत रुततो आहे.

तिची डावी मूठ वळलेली आहे. पुरती, बोटं तळव्याला टेकलेली. ती एकेक बोट सोडवते. आत तीन किल्ल्या आहेत, हाताच्या उबेनं गरम झालेल्या. तळव्यावर त्यांचे दाते उमटलेत. मागच्या दाराच्या किल्लीचे सगळ्यात खोल. चौकटीचा खिळा रिकामा आहे. खुर्चीपासून खिळा सहा पावलं लांब. आपण उठल्याचं तिला आठवत नाही.

स्वयंपाकघरात दिवा लागतो. ऋतुजा दुधाची बाटली विसळायला आली आहे. शालनला बघून ती दाराशी येते.

"आई, जाग्या आहात? चहा टाकू?"

"आल्यावर पिऊ. बाळ झोपलं?"

"आत्ताच. आल्यावर म्हणजे कुठून?"

"विक्रांतला उठव. तासभर बाळाकडं बघेल म्हणावं. तुझे बूट कुठायत?"

ऋतुजा बाटली हातात घेऊन उभीच राहते. "तुम्ही म्हणालात ना, राखणदार नको."

"नकोच आहे. शेजारी यायचं नाही. एक खांब मागं राहायचं. दमलीस तर मागं खांबाशी थांब, मला कळेल."

"कसं कळेल?"

शालन पिशवीतून बूट काढते. नाडीला लाल माती वाळून बसली आहे, ती झाडते. डाव्या हाताची बोटं नाडी धरतात, सुटतात, पुन्हा धरतात. ऋतुजा वाकायला जाते. "असू दे," शालन म्हणते. दोन्ही गाठी मारायला चार मिनिटं लागतात. तोवर आतल्या खोलीतून विक्रांतचं झोपेतलं "काय? आत्ता?" ऐकू येतं, आणि ऋतुजा बूट घालून येते. तिच्या मनगटावर एक रबरी पट्ट्याचं घड्याळ आहे. बाकी काही नाही.

दारात शालन जुडगा तिच्यापुढे धरते.

"ह्या तू धर."

"कुठल्या किल्ल्या, आई? आपलं कुलूप तर कधीच बदललं."

"धर गं. पळताना मला खिशात टोचतात."

ऋतुजा किल्ल्या घेते. सासूच्या पंजाबी ड्रेसकडे बघते. त्याला खिसा नाही. ती काहीतरी विचारणार असते, पण शालन पायरी उतरलेली असते.

बाहेर फटफटायला लागलंय. शालन पहिल्या खांबाशी पोचते. मागे बघत नाही. दुसरा खांब येतो. डाव्या तळव्यावरच्या खुणा अजून हुळहुळताहेत.

मागे किल्ल्या वाजतात. जरा चढ आहे, म्हणून हळू.