साडूंच्या वहीतला मुक्काम

तेरला बाहेरून किती माणसं आली, काय खर्चून गेली आणि किती वेळ टिकली, हे सरकारला एक वेळ ठाऊक नसेल. माझ्या थोरल्या साडूंना मात्र तोंडपाठ असतं. एसटीत कंडक्टरकीत उभी हयात घालवलेला हा माणूस निवृत्त झाला, तरी डोकी मोजायची खोड सुटली नाही. रोज सकाळी विटांच्या जुन्या देवळासमोर खुर्ची टाकायची, वही मांडीवर घ्यायची. नुसता उसाचा रस पिणारा अर्धा पर्यटक, जेवणारा पूर्ण, हे अर्ध्या तिकिटाचं शास्त्र त्यांचंच. एकदा त्यांनी लग्नाचं अख्खं वऱ्हाड वहीत चढवलं. मी हसलो तर म्हणाले, "हसता काय पाव्हणं? बाहेरून आले, जेवले, फोटो काढले. पर्यटकाला काय शिंगं असत्यात व्हय?"

आकडा दर वर्षी वाढतोय, हे ते छाती फुगवून सांगत. मुक्कामाचा रकाना तेवढा कोरा. माणसं गाडीतून उतरत, देवळाकडे पाठ करून फोटो काढत आणि तुळजापूरचा रस्ता विचारत. कुणीतरी एक रात्र राहावं म्हणून साडूंनी बाहेरची खोली रंगवली, नवी गादी भरून घेतली. एका जोडप्याच्या मागे तर ते गाडीपर्यंत गेले. "सकाळचं ऊन इटांवर पडल्याबिगर तेर दिसतच न्हाय!" जोडप्यानं विचारलं, त्या उन्हाचा फोटो आहे का?

मी लातूरचा. धाराशिवला काम निघालं की परतताना तेरला डोकावतो. परवा असाच गेलो. साडू चहाचं सांगायला आत गेले, तेव्हा गंमत म्हणून मी वही चाळली. शेवटच्या पानावर 'घरचे' असं लिहिलेलं आणि खाली माझंच नाव. पहिल्या वर्षी मुक्काम तीन रात्री. मग एक. मग नुसतं जेवण. गेली दोन वर्षं फक्त चहा. मला फार लाज वाटली.

साडू कप घेऊन आले, माझ्या हातात वही बघून ओशाळले. "हाताला सवय, दुसरं काय. साडेपाचची गाडी हाय न्हवं तुमची?"

"आज राहतो," मी म्हणालो.

साडूंनी कप खाली ठेवले. मग आत वळून ओरडले, "अगं, दोन भाकरी जादा टाक, पाव्हणं राहत्यात!"

सकाळी त्यांनी मला विटांवरचं ऊन दाखवलं. ते खरंच लई सुंदर होतं. मग खुर्चीत बसून त्यांनी माझ्या नावापुढे 'एक' लिहिलं, तेही पेन्सिलीनं. बाकी सगळी वही तर पेनानं लिहिलेली.

"पेन्सिल का?" मी विचारलं.

"न्हाय, म्हणलं," साडू देवळाकडे बघत म्हणाले, "खोडून दोन करता येतंय."

लातूरची गाडी समोरून गेली. मी हात केला नाही.