चष्मा खाडीत

झोपेत तुम्हाला नेमकं काय बघायचं असतं?

हा प्रश्न मी जयगडच्या विनायकला विचारला. उत्तर त्याच्या काकांनी दिलं. तपासणी पोराची असली तरी बोलायचं कंत्राट काकांकडे होतं.

"बघायचं काय? रात्री भिंगं घालून झोपायचं, सकाळी काढायची. दिवसभर नंबर गायब. मुंबईच्या दुकानात मिळाली. चष्मा तर मी खाडीत फेकला."

रंगीत टीव्ही आला, तशी ही कॉन्टॅक्ट लेन्सही आली. विनायकला मालवाहू जहाजावर नोकरी मिळत होती. चष्मा चालणार नव्हता. कंपनीला आधी डोळ्यांचा दाखला हवा होता.

सकाळी विनायकने तक्त्यावरची शेवटची ओळदेखील वाचली. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती ओळ त्यांनीच लिहिली होती.

मी डोळ्यात पिवळा थेंब टाकून निळ्या दिव्याखाली पाहिलं. बुबुळाच्या मधोमध हिरवा ओरखडा चमकला.

बुबुळावर समोर काचेसारखा पडदा असतो, कॉर्निया. आरपार दिसावं म्हणून त्यात रक्तवाहिन्या नसतात. तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. पापणी मिटली की पुरवठा आधीच घटतो. त्यात वर कडक प्लॅस्टिक ठेवायचं, म्हणजे धाप लागलेल्या माणसाच्या तोंडावर उशी दाबायची. रात्रभर दाबून कॉर्निया चपटा होतो, म्हणून सकाळी स्पष्ट दिसतं. घड्याळाच्या घट्ट पट्ट्याचा मनगटावर वळ उठतो आणि थोड्या वेळाने जातो, तसाच हा चपटेपणाही जातो. ओरखडा मात्र मागे राहतो.

"संध्याकाळपर्यंत बसा," मी म्हटलं.

"आमची एसटी चुकेल."

"चुकू दे."

संध्याकाळी तोच तक्ता पुन्हा दाखवला.

"काका, खालच्या ओळी दिसत नाहीत," विनायक म्हणाला.

"हळू बोल." काका माझ्याकडे वळले. "सकाळी वाचलंन की नाही त्याने? मग सकाळचं लिहा."

"जहाज दुपारनंतर नांगर टाकून बसणार आहे का?"

"डॉक्टर, तुम्ही वयाने लहान आहात. पोराचं कल्याण होत असेल तर एवढं ताणू नये."

"भिंगं बंद करा. नाहीतर त्या ओरखड्यातून जंतू शिरतील आणि डोळा जाईल."

दाखला त्यांना दुसरीकडे मिळाला. आपल्याकडे दाखल्यांची टंचाई कधीच नसते. विनायक भिंगं घालूनच झोपत राहिला आणि मुंबईला जाऊन मेडिकल पास झाला. अगदी सकाळच्या वेळी.

नंतर तो माझ्याकडे आला तेव्हा उजवा डोळा लालभडक होता आणि बुबुळावर पांढरा ठिपका होता. जंतू शिरले होते. औषधांनी जखम भरली, पण ठिपका बरोबर मध्यावर राहिला. त्या डोळ्याला आता उजेड कळतो, अक्षर कळत नाही. डावा डोळा वाचला. त्याचा नंबर मात्र परत आला, आणि चष्मा खाडीत.

उजव्या डोळ्यावर पट्टी असतानाच कंपनीची तार आली: कामावर हजर व्हा. विनायकने ती डाव्या डोळ्याला अगदी चिकटवून वाचली, आणि काकांच्या हातात दिली. काकांनी ती मोठ्याने वाचली.

तेव्हा एक करा. तुमच्या घरात कोणी भिंगं घालून झोपत असेल, तर आज त्याला उठवा. चिडेल, चिडू दे. भिंगं काढायला लावा, उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. आणि त्याचा चष्मा जपून ठेवा.