घाम फुटला म्हणजे गुन्हा केला?

चाकणच्या एका प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रे दाबून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्याच्या, मॅनेजरने आपल्याच ऑपरेटरला फसवलं आणि त्यासाठी मला वापरलं. पोलिसातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तो राग गेलेला नाही.

मॅनेजरचा फोन आला: ऑपरेटरने प्रेसचा सेफ्टी सेन्सर बंद केला, शेजारच्या कामगाराची दोन बोटं गेली, आता हा बीडला पळतोय. आम्ही त्याला कासारवाडी स्टेशनवर पुण्याच्या लोकलची वाट पाहताना धरलं. तोंड कोरडं, अंग घामाने भिजलेलं. तीनदा विचारलं, तीन वेगळे जबाब.

मी शिपाई म्हणून लागून वर आलेला. चौकशी म्हणजे मला सौदा वाटायचा.

"खरं सांग, बाकीचं मी बघतो."

"सायब, आठवंना."

"तिकीट काढायचं बरं आठवलं!"

"गावाकडं झोपायला चाललो व्हतो, सायब."

मी टेबलावर हात आपटला. त्याला जास्तच घाम फुटला. मॅनेजरचा जबाब मात्र तिन्ही वेळा शब्दाला शब्द सारखा. तो मी खरा धरला आणि ऑपरेटरला अटक केली.

वैद्यकीय तपासणीत डॉक्टरबाईंनी नाडी पाहून विचारलं, "हा झोपलाय कधी?" अकरा दिवस त्याची डबल शिफ्ट चालू होती.

"ही गुन्ह्याची लक्षणं आहेत," मी म्हणालो.

"ही भीतीची लक्षणं आहेत. भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, घाम येतो. ताण असाच राहिला तर कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन उतरत नाही, झोप मोडते, आठवणी क्रमाने लागत नाहीत. तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्ही ओरडाल तेवढं तो विसरेल."

"मग उपाय?"

"झोप, जेवण, घरच्यांचा आवाज. शरीर सावरतं हो, त्याला सावरू द्या."

पटलं नाही, पण उत्सुकता वाटली. त्याला बायकोशी फोनवर बोलू दिलं, जेवू घातलं. पाच तास तो मेल्यासारखा झोपला. संध्याकाळी पंचांसमोर प्रेसपाशी उभा केला. हात आपोआप बटणांकडे गेले आणि तो सलग बोलू लागला: सेन्सरमुळे मशीन सारखं थांबत होतं, म्हणून मॅनेजरने स्वतः पॅनल उघडून सेन्सर टाळणारी वायर जोडली. गेटवरच्या रजिस्टरमध्ये पॅनलची चावी त्या सकाळी मॅनेजरच्याच सहीने गेलेली निघाली.

शब्दाला शब्द सारखा जबाब पाठ केलेला असू शकतो, हे मी नोकरीच्या शेवटी शिकलो. ऑपरेटर सुटला, मॅनेजरवर दोषारोपपत्र गेलं. पण अकरा दिवसांच्या डबल शिफ्टच्या कागदावर सही मालकाची होती आणि त्याचं नाव मी लिहूनही वरून वगळलं गेलं. कोणाच्या सांगण्यावरून? ज्याने ते नाव खोडलं, त्याने बोटं गेलेल्या कामगारासमोर उभं राहून उत्तर द्यावं.