मतदानाची डोली

प्रचाराला दारात आलेल्या माणसाला खरं सांगायचं नसतं. परळच्या आमच्या चाळीत हे शेंबड्या पोरालाही कळतं. जो येईल त्याला "तुम्हालाच हो" म्हणायचं, पत्रक घ्यायचं आणि त्यावर लसूण सोलायला बसायचं. माझी आई यात तरबेज. एकाच दुपारी तिने तीन पक्षांना ओवाळलेलं मी पाहिलंय. माती खाल्ली ती मी.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. जिन्याचा कठडा तुटलेला. तिथेच आई घसरली, खुबा मोडला आणि तिचं खाली उतरणं संपलं. हॉस्पिटल सोडलं तर ती फक्त मतदानाच्या दिवशी उतरायची, कारण त्या दिवशी पक्षाची माणसं डोली आणायची. डोली म्हणजे प्लास्टिकची खुर्ची आणि तिला बांधलेले दोन बांबू. मत हे आईचं निमित्त होतं. शाळेतल्या केंद्रावर तिला तिच्या गावची मैत्रीण भेटायची. ती पलीकडच्या गल्लीत राहायची आणि तीही अशीच उचलून आणलेली असायची. दोघी बाहेरच्या बाकावर तासभर बसत. डोलीवाले घाई करत, त्या दाद देत नसत. त्या एका तासासाठी आई महिनाभर आधी साडी काढून ठेवायची.

गेल्या निवडणुकीत उमेदवार स्वतः दारात आला, हात जोडून, मागे दहाबारा माणसं. आईने पलंगावरूनच तबक मागितलं. मी नुकताच रिटायर झालेलो, दिवसभर पेपर वाचून डोकं तापलेलं. तबक द्यायचं सोडून मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, "कठडा लावतो म्हणाला होतात, त्याला दोन निवडणुका झाल्या. या घरातलं एकही मत तुम्हाला मिळणार नाही."

"बरोबर आहे काका तुमचं," तो हसत म्हणाला, आईला नमस्कार केला आणि पुढच्या दाराकडे वळला. त्याच्या मागच्या कार्यकर्त्याने यादीवर पेन्सिल टेकवली.

ती पेन्सिल मला चांगली ठाऊक होती. कॉलेजात असताना मीही मतदार यादी घेऊन लालबाग पालथं घातलंय. आपला असेल त्याच्या नावापुढे बरोबरची खूण, नसेल त्याच्यापुढे फुली. मतदानाच्या दिवशी खुणेवाल्यांना घरून उचलून न्यायचं आणि फुलीवाल्यांची कडी वाजवायची नाही. अशा कितीतरी फुल्या मी मारल्यात, त्या दारांमागे कोण नटून बसलंय याचा विचार न करता. आणि एवढं ठाऊक असूनही त्या दिवशी मला वाटलं, आपण मोठी मर्दुमकी गाजवली.

मतदानाच्या दिवशी आई सकाळी सातलाच साडी नेसून, पावडर लावून बसली. नऊच्या सुमारास जिन्यावर बांबू आपटल्याचा आवाज आला. डोली आमच्या दारावरून पुढे गेली आणि शेजारच्या आजोबांना घेऊन परत फिरली. मी मागे धावलो. "अरे, आमच्या आईलाही न्या."

पेन्सिलवाला मागे वळला. "काका, आज टाइम नाय ओ. आधी आपली माणसं."

बाकीचे पक्ष आमच्या चाळीत पत्रकं वाटण्यापुरतेच येत, त्यांची डोली येणार नव्हती. मजल्यावर उरलेले सगळे माझ्यासारखेच, साठी उलटलेले, कंबरेला पट्टा लावलेले. दुपारी मी आईला पाठुंगळी घेतलं. चौथ्या पायरीवर, जिथे कठडा नाही तिथे, माझे पाय लटपटले. भिंत धरत धरत परत वर आलो. सहा वाजले तेव्हा आईने आपल्या हातांनी पदराची पिन काढली.

"ती वाट बघीत बसली असतली रे," एवढंच म्हणाली. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

तो निवडून आला. आभाराच्या फेरीत आमच्याही दारात आला आणि आईच्या पाया पडला. या वेळी तबक मीच आणून दिलं. आईने उजव्या हाताने ओवाळलं. शाई न लागलेलं डाव्या हाताचं बोट तिने पदराखाली धरलं होतं.

"तुकाच दिलंय मत, बाबा," ती म्हणाली. "फुडच्या वेळाक डोली धाड हां."

पेन्सिलवाला माझ्याकडे बघत होता.

"आमच्या घरातली सगळी मतं तुम्हालाच," मी म्हणालो.