शेवटचा सीझन मी नुसता ऐकला होता

माणसाच्या तोंडावर मुसळ बसलं की येणारा आवाज टीव्हीतल्या आवाजासारखा मुळीच नसतो. पाच सीझन मी त्या मालिकेतले ठोसे, लाथा आणि मोडणारी हाडं ऐकली होती, त्यामुळे फरक मला कळतो. खरा आवाज साधा असतो, ओल्या पोत्यावर काठी पडावी तसा. तो मी हिवाळ्यातल्या एका रविवारी दुपारी, पहूरजवळच्या एका शेतात ऐकला आणि मुसळ माझ्याच हातात होतं. भांडणाचं कारण सांगायची मला अजून लाज वाटते. अंतराळातल्या लढायांची एक परदेशी मालिका शेवटच्या सीझनला घसरली की नाही, यावर आमचं जुंपलं होतं.

मी मूळचा साक्रीकडचा, पण कमावता झालो तो जळगावात. सराफ बाजारामागच्या बोळात, वरच्या मजल्यावर सोन्याच्या दागिन्यांचा एक कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांब खोली आणि खाली मांडी घालून बसलेले आम्ही चार कारागीर. पंखा लावायचा नाही, कारण ज्योत हलते आणि सोन्याची धूळ उडते. वैशाखातसुद्धा घाम गाळत बसायचं. मी दागिन्यांचे सांधे जोडायचो आणि माझ्या उजव्या हाताला बसणारा जोडीदार खडे बसवायचा. बारा वर्षं आमचे गुडघे एकमेकांना लागत होते. बायकोच्या शेजारी मी एवढा बसलो नसेन.

मालिका आम्ही त्याच्या फोनवर लावायचो, हिंदीत डब केलेली. फोन एका पत्र्याच्या डब्याला टेकवून ठेवायचा. आता सोन्यावर काम करणारा माणूस बघणार काय? हात सोन्यावर, डोळे सोन्यावर, मालिकेला फक्त कान उरतात. मोठा धमाका झाला तर मान वर करायची, कोण मेलं ते बघायचं, पुन्हा खाली. जोडीदाराची मात्र एक खोड होती. दिवसा ऐकलेला भाग तो संध्याकाळी घरी जाऊन बायकोबरोबर पुन्हा बघायचा. मी त्याला हसायचो. एकदा झालेलं जेवण परत ताटात वाढून घेतोस का, म्हणायचो.

मालिकेचा नायक एक म्हातारा होत चाललेला सैनिक होता. दूरच्या कुठल्या तरी ग्रहावर खाणकामगारांचं बंड होतं आणि हा त्यांचा कमांडर. पहिल्याच भागात तो एका पहारेकऱ्याचा गळा हातांनी आवळून त्याला मारतो. पुढे पाच सीझन मारतच राहतो. यानाच्या दारात माणसं चिरडतो, हवा काढून घेऊन खोलीच्या खोली गुदमरवतो, फितुराला वितळलेल्या धातूत ढकलतो. मला तो फार आवडायचा. आवडायचं कारण स्पष्ट सांगतो. त्याचा हात माझ्यासारखाच डोक्याच्या आधी चालायचा, आणि त्याला कोणी माथेफिरू म्हणत नव्हतं, सगळे सलाम करत होते.

माझ्या हाताबद्दलही सांगितलं पाहिजे. आमचा बाप बैलाच्या चाबकाने मारायचा. शेळी बांधायला विसरलो म्हणून त्याने मला पाठीचं कातडं सुटेपर्यंत मारलं आणि मग त्याच हाताने हळद लावली. मी मोठा झाल्यावर शाळेत एकाचं नाक फोडलं तेव्हा आई शेजारणीला एवढंच म्हणाली, "बापवर गयेल शे हाऊ." जळगावात रिक्षावाल्याने कट मारला म्हणून मी त्याला बाहेर ओढून त्याचं डोकं त्याच्याच हँडलवर आपटलं होतं. तेव्हा मागून मला मिठी मारून बाजूला केलं ते जोडीदाराने. प्रत्येक वेळी तोच करायचा. काही बोलायचा नाही, मागून हातांचा वेढा घालायचा आणि माझा श्वास खाली येईपर्यंत सोडायचा नाही. बापाच्या चाबकाची गोष्ट मी बायकोला सांगितलेली नव्हती, ती त्याला एकट्याला माहीत होती.

मग शेवटचा सीझन आला. लढाई संपलेली. कमांडर परत येतो आणि ज्यांना मारलं त्यांच्या घरी एकेक करून जायला लागतो. झालं, एवढंच. माझ्या कानाला पावलं ऐकू यायची, एखादं दार उघडायचं, मग काही नाही. फोन बंद पडला की काय म्हणून मी दोनदा मान वर करून पाहिलं, तर पडद्यावर एक बाई उभी. मी पुन्हा बांगडीकडे वळलो. शेवटचा भाग संपला तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. एवढा वाघासारखा माणूस, त्याची यांनी गोगलगाय करून टाकली.

मालिका संपली म्हणून भरताचा बेत ठरला. आमच्याकडे चार माणसं एकत्र यायला कारण लागत नाही, वांगी लागतात. जोडीदाराच्या वडिलांचं शेत पहूरच्या पुढे आहे, तिथे आम्ही चौघे आणि आमचे आबा, म्हणजे कारखान्याचे मालक, असे गेलो. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजली. जोडीदार गरम वांगी सोलून काठवटीत टाकत होता आणि मी मुसळाने ठेचत होतो. ठेचायचं काम दरवर्षी माझंच, कारण माझे दंड मजबूत.

"शेवटचा सीझन म्हणजे नुसतं पाणी," मी म्हणालो. "पार घसरली मालिका."

"तू पाहिला कुठे?" त्याने विचारलं.

"मग तुझ्या शेजारी बसून रोज काय भजन ऐकत होतो?"

"ऐकतच होतास. शेवटच्या भागात नऊ मिनिटं कोणी बोलत नाही. सगळं त्या बाईच्या चेहऱ्यावर आहे. पहिल्या भागातल्या त्या पहारेकऱ्याची बायको आहे ती. तेवढा वेळ तुझी मान खाली होती."

"काही न घडणाऱ्या गोष्टीला काय बघायचं?"

तो हसला. बोटं भाजू नयेत म्हणून त्यांवर फुंकर मारत, अगदी सहज म्हणाला, "हाणामारी नसली की तुला गोष्टच दिसत नाही. लहानपणी घरात तेच पाहिलं ना तू. चाबूक वाजला तरच तुझं लक्ष जातं."

बाकीचे दोघे हसले. त्यांना चाबकाचं काही माहीत नव्हतं, ते आपले बोलण्याला हसले. मला मात्र वाटलं, यांना सगळं ठाऊक आहे, याने सगळ्यांना सांगितलंय. "तुले काय समजस रे?" एवढं माझ्या तोंडून निघालं आणि मुसळ फिरलं.

डाव्या डोळ्यावर आणि गालाच्या हाडावर बसलं. तो ओरडला नाही. बसल्या जागी पुढे वाकला आणि त्याचं रक्त काठवटीत, वांग्यांवर पडायला लागलं. इथे मी थांबलो असतो तर निदान स्वतःला काही सांगता आलं असतं. मी मुसळ पुन्हा उचललं. आबांनी सत्तरीच्या वयात माझ्यावर अंग टाकलं, आम्ही दोघे निखाऱ्यांच्या कडेला पडलो, त्यांचा चष्मा माझ्या खांद्याखाली फुटला आणि मुसळ सुटलं. एरवी मला आवरणारा माणूस तोंड धरून मातीत बसला होता.

जळगावच्या दवाखान्याबाहेर, मोटरसायकली लावतात तिथे, त्याच्या मोठ्या भावाने मला गाठलं. त्याने मला दोन दात पडेपर्यंत मारलं, खाली पडल्यावर बरगडीत लाथा घातल्या. मी हात उचलला नाही. तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं, बघा मी किती शहाणा झालो म्हणून, आणि तेवढ्यासाठी आज स्वतःची किळस येते. आत पोलीस जबाब घ्यायला आले होते. जोडीदाराने सांगितलं की ठेचताना मुसळ निसटलं. हे कळल्यावर मी पायऱ्यांवर बसून रडलो. त्याने मला माफ केलं असं मी धरून चाललो.

डोळा गेला. खडे बसवायला दोन डोळे लागतात. एका डोळ्याने वस्तू दिसते, पण ती किती पुढे आहे ते कळत नाही. तो तीन महिन्यांनी पुन्हा कारखान्यात येऊन बसला, तेव्हा आबांनी मला आधीच काढलेलं होतं. पण बाकीच्या दोन कारागिरांनी मला सांगितलं की खडा उचलायला तो चिमटा मिटायचा आणि खडा तिथेच राहायचा. पुन्हा मिटायचा, पुन्हा हवाच. आठवडाभर त्याने असं केलं. शेवटी चिमटा पुसून पाटावर ठेवला आणि उठला. आता तो पहूरला, भावाच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात नळ्या कापून देतो.

मला दुसरीकडे काम मिळेपर्यंत मी घरी होतो. एका सकाळी मी तो शेवटचा भाग लावला आणि फोन हातात धरून, डोळ्यांनी पाहिला. कमांडर त्या बाईच्या दारात उभा राहतो. ती त्याला ओळखत नाही. मग तिची नजर त्याच्या हातांवर जाते आणि तिथेच थांबते. तिचा चेहरा बदलताना मी पाहिला. मला वाटलं, आता ही चाकू घेईल. ती आत जाते, ताट आणते, त्याच्यापुढे ठेवते. त्याच्याने घास उचलवत नाही. ती ताट बोटभर त्याच्याकडे सरकवते आणि समोर बसून राहते. नऊ मिनिटं. मी ढसाढसा रडलो. अख्ख्या मालिकेत याच्याइतकं चांगलं काही नव्हतं, आणि ते माझ्या कानाशी चालू असताना मी बांगडीचा सांधा जोडत होतो.

हे त्याला सांगायलाच हवं, असं मी ठरवलं. तुझं बरोबर होतं, एवढं म्हणायचं, आणि पाय धरायचे. आणखी काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

सकाळी दहाच्या सुमारास मी पहूरला त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. या म्हणाली नाही, पण दारातून बाजूला झाली. मी ओट्यालगतच्या खोलीत खाली बसलो. ती आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्यापुढे ठेवला आणि निघून गेली. मला ते ताटच वाटलं, खोटं कशाला बोलू.

तो येऊन समोर बसला. डाव्या डोळ्याच्या जागी काचेचा डोळा होता, तो माझ्या कानापलीकडे बघत होता.

"मी तो शेवटचा भाग पाहिला," मी म्हणालो. "नीट पाहिला. तुझं बरोबर होतं. तोच सगळ्यात चांगला सीझन."

"मीही परत पाहिला," तो म्हणाला. "दवाखान्यातून आल्यावर. तुझंच बरोबर होतं."

मला समजेना.

"घसरलाच तो सीझन. पहिले पाच खरे होते. ती बाई लिहिणाऱ्याने बसल्या बसल्या रचली. असं ताट कोणी पुढे करत नाही."

"पण तू पोलिसांना सांगितलंस..."

"दर तारखेला कोर्टात तुझं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून सांगितलं. आणि हे पाणी आमच्याकडे दारात आलेल्या कोणालाही देतात. पी आणि जा."

बारा वर्षांत मी त्याच्याशी शंभर वाद घातले आणि एकही जिंकलो नव्हतो. हा जिंकलो, आणि मी त्याला सांगत सुटलो की नाही, ती बाई खरी आहे, तुला नीट दिसलं नसेल, पुन्हा बघ. माझा आवाज चढायला लागला होता. तो चढतोय हे मलाच ऐकू आलं, म्हणून पाणी प्यायला मी तांब्याकडे हात नेला.

माझा हात हलताच त्याने मान झटकन वळवली आणि उरलेला डोळा तळहाताखाली झाकून घेतला.