शेपट्यांची अक्षरं

घाटकोपरला नाक्यावर माझं पत्रिका आणि बॅनर बनवायचं दुकान आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ती झोकदार वळणाचीच अक्षरं हवी असतात. वेलांटीला पिसारा, उकाराला लांब शेपटी, वर सोनेरी रंग. मी कानीकपाळी ओरडून सांगतो, अरे बाबांनो, ही अक्षरं लग्नपत्रिकेवर दोन नावांपुरती शोभतात, अख्खी ओळ त्यात घातली की कुणाच्या बापाला वाचता येत नाही. पण ऐकतंय कोण!

आमच्या धंद्यात सहसा नवं कुणी काही करत नाही. जुनी फाईल उघडायची, मजकूर बदलायचा, झालं काम. माझा मुलगा गेला तेव्हा मी दुकान उघडलंच नाही. त्याच्या मित्रांनी दुसरीकडून बॅनर करून आणला आणि नाक्यावर लावला. त्याच्या गेल्या वाढदिवसाचाच बॅनर होता तो, फाईल त्यांच्या मोबाईलमध्ये होतीच. तोच हसरा फोटो, तेच सोनेरी नाव. खालच्या शुभेच्छा काढून तिथे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ घातलं होतं, त्याच शेपट्यांच्या अक्षरांत. पोरं रडत होती. त्यांना काय बोलणार?

एका सकाळी मी त्या बॅनरखाली उभा होतो. सिग्नलला एक रिक्षा थांबली. आत माझा मुलुंडचा जुना मित्र होता, त्याला काहीच कळलेलं नव्हतं. बॅनरकडे बघत तो ओरडला, “काय रे, पोराचा बड्डे आणि सांगितलं नाहीस? माझ्याकडून विश कर ना त्याला!”

सिग्नल सुटला. मी हो म्हणालो.